दुपारचा मेंढीकोट फोनवर बसवताना

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात रोज दुपारी अडीचला पत्ते पडायचे. जेवणं उरकली, भांडी घासायला पडली, की शेजारच्या तीन काकू एकेक करून यायच्या. चटई, मधोमध पत्त्यांचा कॅट, बाजूला चिंचोक्यांची बरणी. माझी आई चौथी. खेळ मेंढीकोट: दोघी-दोघी भिडू, दश्श्या म्हणजे मेंढ्या, त्या जिंकायच्या आणि चारही एकीकडं आल्या की कोट. चार वाजता चहा व्हायचा, साडेचारला ज्या त्या आपापल्या घरी. पंचवीसेक वर्षं हे चाललं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्याही वर गेलं. सोप्यात कमरेएवढं पाणी होतं. पूर ओसरल्यावर मालकानं घर पाडायला काढलं आणि चौघींची चार ठिकाणं झाली. आम्ही राजारामपुरीत, एक काकू फुलेवाडीत, एक लेकाकडं पुण्याला, एक सांगलीला. मग मार्च २०२० उजाडला आणि फुलेवाडी ते राजारामपुरी हेसुद्धा परदेशाएवढं लांब झालं.

तेव्हापासून ही बैठक मी फोनवर चालवते. चालवते म्हणजे तंत्र सांभाळते, खेळात मला कुणी घेत नाही. पहिले दोन-तीन महिने मी जवळजवळ सगळ्या चुका करून घेतल्या आहेत. तुमच्या घरात आई-वडील, आत्या, मामा असे कुणी पत्त्यांचे शौकीन असतील आणि त्यांचा डाव तुम्हाला पुन्हा जमवून द्यायचा असेल, तर पुढचं वाचा.

आधी सामान गोळा करा

- प्रत्येकीकडं एक स्मार्टफोन. घरात जुना टॅब पडून असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तेरा पत्ते छोट्या पडद्यावर दाटीवाटीनं बसतात आणि इस्पिक-किलवर एकसारखे दिसतात.
- वायरवाला साधा इअरफोन. ब्लूटूथचा नको. त्याची चार्जिंग संपते, एक बोंडूक सोफ्याखाली जातं आणि दुपार शोधण्यात जाते.
- फोन उभा राहील असं काहीतरी. स्टँड विकत मिळतो, आमच्याकडं साखरेच्या डब्याला टेकवतात.
- चार्जर हाताशी. तासाभराच्या कॉलनंतर जुना फोन मान टाकतो.
- वही आणि पेन, हिशेबाला.
- वाचायचा चष्मा. हसू नका, पहिल्या दिवशी तोच नव्हता.
- कागदपत्रं: एकही नाही. आधार नाही, पॅन नाही, बँक खातं नाही. हे ठळक लक्षात ठेवा, त्याचं कारण सहाव्या पायरीत येईल.

१. आधी आवाज जमवा, पत्ते नंतर

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. मी आधी ॲप शोधलं. मोठ्या उत्साहानं चौघींच्या फोनवर घातलं, खेळ सुरू करून दिला आणि स्वयंपाकघरात गेले. वीस मिनिटांनी येऊन पाहते तर आई गप्प बसून पडद्यावर बोट फिरवतेय. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "पत्ते दिसालेत गं, पण माणसं कुठं हाईत?"

खरंच होतं. सोप्यातल्या दोन तासांत खेळ जेमतेम अर्धा असायचा. बाकी मग सुनेचं बाळंतपण, गॅसचा नंबर, कुणाच्या दारात कुणाची गाडी लागली, महाद्वार रोडला साड्यांचा सेल. पत्ते हातात असले की बोलायला निमित्त लागत नाही, एवढंच. म्हणून क्रम असा ठेवा:

व्हॉट्सॲपवर फक्त खेळणाऱ्यांचा ग्रुप काढा. चौघी म्हणजे चौघीच, फार तर तंत्र सांभाळणारी पाचवी. "माझ्या जावेलाही घे की" असं कुणी म्हणेल, गोड बोलून टाळा. ग्रुप वाढला की सकाळच्या गुलाबाच्या फुलांखाली आणि सुविचारांखाली कामाचा निरोप गाडला जातो.

पहिला आठवडा फक्त कॉल करा. पत्ते नाहीत. ठरल्या वेळेला ग्रुप कॉल, अर्धा तास गप्पा, बस. कॉल कुणी लावायचा हे ठरवून टाका आणि रोज तीच व्यक्ती लावू दे. नाहीतर चौघी एकाच वेळी एकमेकींना लावतात आणि चौघींनाही फोन व्यग्र लागतो. आमच्याकडं हे तीन दिवस चाललं.

झूमच्या नादी लागू नका. फुकटातली बैठक ४० मिनिटांनी बंद पडते, आणि ती नेमकी कोट होता होता पडते. गूगल मीटवर तिघांहून जास्त माणसं असली तरी फुकटात तासभर मिळतो. व्हॉट्सॲपच्या कॉलला असं बंधन नाही, शिवाय ते चौघींना आधीच येतं. नवीन काही शिकवायला न लागणं हा फार मोठा फायदा आहे.

आवाज घुमला तर कारण बहुतेक वेळा एकच असतं: एकाच खोलीत दोन फोन एकाच कॉलवर आहेत, किंवा कुणाचा तरी स्पीकर मोठा करून ठेवलाय. इअरफोन घाला, घुमणं थांबतं.

लेकरं-नातवंडं येऊन सांगतील, बोलत नसाल तेव्हा म्यूट करा. ऑफिसच्या मीटिंगला ते ठीक. इथं करू नका. सांगलीच्या काकूंच्या कुकरची शिट्टी, फुलेवाडीच्या काकूंच्या दारातला भाजीवाला, हे ऐकू आलं पाहिजे. शिट्टी झाली की बाकीच्या तिघी विचारतात, "काय शिजवालीस?" त्यातूनच बोलणं सुरू होतं.

व्हिडिओ मात्र मी पहिली दहा मिनिटंच चालू ठेवते. तोंडं बघून झाली, साडी कुठली विचारून झाली, की व्हिडिओ बंद आणि नुसता आवाज. डेटा वाचतो, पडदा पत्त्यांना मोकळा होतो. फोन जुना असेल तर तो तापतही नाही.

२. कुठला खेळ नेता येतो, कुठला नाही

जे खेळ हळू आणि पाळीपाळीनं चालतात ते फोनवर जातात. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, रमी हे सगळे जातात. मेंढीकोटाला तर बोलायला भरपूर वाव, भिडू समोर, भांडायला विरुद्ध पार्टी तयार. नवख्यांनी बदाम सातनं सुरुवात करावी. बदामाची सत्ती टाकायची आणि पुढं दोन्ही बाजूंनी लावत जायचं, एवढंच असल्यामुळं लक्ष तंत्राकडं देता येतं.

गुलामचोर आणि चॅलेंज सोडून द्या. त्यांची मजा समोरच्याच्या चेहऱ्यात आहे. गुलाम हातात आल्यावर फुलेवाडीच्या काकूंचे कान लाल व्हायचे, ते कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

गाण्याच्या भेंड्या पण फसतात. आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळं एकत्र गाणं म्हटलं की चौघी चार ओळींवर असतात. एकेकटीनं म्हणायचं असेल तर चालतं. ज्यांना पत्ते ओढणं काही केल्या जमत नाही त्यांच्यासाठी हाउजी उत्तम: तिकिटांचे फोटो ग्रुपवर पाठवायचे, प्रत्येकीनं आपले पंधरा आकडे वहीत उतरून घ्यायचे, एकीनं १ ते ९० मधले आकडे पुकारायचे. पडद्याला बोटसुद्धा लावावं लागत नाही.

३. टेबल निवडा: नियम पाळणारं ॲप की मोकळं टेबल

इथं जरा थांबा. ही निवड चुकली की बैठक पंधरा दिवसांत मोडते.

पहिला प्रकार म्हणजे तयार ॲप. प्ले स्टोअरवर मेंढीकोट, मिंडी अशा नावांनी बरीच सापडतात. हिंदी मुलखातला देहला पकड हा या खेळाचा सख्खा भाऊ, त्या नावानंही मिळतात. चांगली बाजू अशी, की पिसणं, वाटणं, मेंढ्या मोजणं सगळं ॲप करतं. घ्यायचंच असेल तर त्यात 'मित्रांसोबत खासगी खोली' अशी सोय आहे का ते आधी बघा. नसेल तर ॲप तुम्हाला अनोळखी लोकांबरोबर किंवा संगणकाच्या खेळाडूंबरोबर बसवतं. त्या खेळाडूंना माणसांची नावं आणि तोंडं दिलेली असतात. सांगलीच्या काकू दोन दिवस एका मिशीवाल्या चित्राला "जेवलास का बाबा?" विचारत होत्या.

दुसरी अडचण वेळेची. बऱ्याच ॲपमध्ये पत्ता टाकायला ठरावीक सेकंद असतात. तेवढ्यात पत्ता पडला नाही तर ॲप स्वतःच टाकून मोकळं होतं. सत्तरीतल्या बाईला चष्मा लावून, पत्ते न्याहाळून, मधेच "अगं दूध उतू गेलं" म्हणून उठून परत यायला वेळ लागतो. परत येऊन बघावं तर हुकमाचा एक्का कुणीतरी दुर्रीवर उडवून टाकलेला.

आणि तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ॲप चूक करूच देत नाही. रंग हातात असताना कट मारायला गेलात तर पत्ता हलतच नाही. कागदावर हा फायदा वाटतो. पण आमच्या सोप्यात निम्मी करमणूक तिथंच होती: "तुझ्याकडं चौकट होतं, मघाशी दाखवलंस की!" मग मागचे हात उलटून बघायचे, मग रुसवा, मग चहा. ॲपवर भांडायला जागाच उरली नाही आणि चौघींना खेळ अळणी लागायला लागला.

म्हणून दुसरा प्रकार, मोकळं टेबल. आम्ही प्लेइंगकार्ड्स डॉट आयओ ही वेबसाइट वापरतो. ती ब्राउझरमध्येच उघडते, नाव-गाव-फोन नंबर देऊन खातं काढावं लागत नाही. तिथं साध्या बावन्न पत्त्यांची एक खोली उघडायची आणि तिची लिंक ग्रुपवर टाकायची. लिंक दाबली की सगळ्या एकाच टेबलाशी येतात. पडद्यावर मधे गड्डी दिसते. खालच्या पट्टीत ओढलेले पत्ते म्हणजे तुमचा हात, तो फक्त तुम्हालाच दिसतो. बाकी पत्ते कुणीही कुठंही ओढू शकतं. कुठला खेळ चाललाय याच्याशी त्या टेबलाला काही घेणं-देणं नाही, सोप्यातल्या चटईलाही नव्हतं.

याचे तोटेही सांगते. मोबाइलवर ते फार बारीक दिसतं, टॅब किंवा लॅपटॉपवर बरं. कुणाचंही बोट लागलं की पत्ता उलटतो किंवा सरकतो. एकदा नातवानं मांडीवर बसून अख्खी गड्डी कोपऱ्यात नेऊन ठेवली होती. आमचा नियम असा की गड्डीला हात फक्त वाटणारीनं लावायचा, बाकीच्यांनी आपल्या हाताशी आणि मधल्या जागेशीच मतलब ठेवायचा.

खोली उघडल्यावर या क्रमानं करा:

- जोकर दिसले तर ओढून एका कोपऱ्यात ठेवा.
- आपापलं नाव घाला. मराठीत घाला, 'काकू' असं चौघींनी घालू नका.
- कोण कुठं बसलीय ते तोंडानं ठरवा आणि वहीत चार कोपरे काढून लिहा. पडद्यावर 'समोर' कुणीच नसतं, त्यामुळं भिडू कोण हे पहिल्या दिवशी सारखं विसरायला होतं.
- गड्डी पिसा, वाटा.
- प्रत्येकीनं "तेरा" असं मोठ्यानं म्हणायचं. कुणी "बारा" म्हणालं तर खेळ सुरू व्हायच्या आधीच सापडतं.

कॉल आणि पत्ते एकाच फोनवर चालतात, कॉल मागं चालू राहतो. पण घरात दोन उपकरणं असतील तर एकावर आवाज, दुसऱ्यावर पत्ते असं वाटून टाका. डोक्याचा ताप निम्मा होतो.

४. घरचे नियम लिहून काढा

पंचवीस वर्षं एकत्र खेळलेल्या बायकांनाही हे लागतं, कारण समोरासमोर नियम बोलावे लागत नव्हते. आता लागतात. आणि तुमच्या बैठकीत एखादी सून किंवा पुण्याची शेजारीण नवीन आली, तर तिच्या माहेरचा मेंढीकोट वेगळाच निघतो. मी कागदावर लिहून फोटो ग्रुपवर टाकला. त्यात एवढं असू द्या:

*वाटणं.* आमच्याकडं पाच-चार-चार.

*हुकूम.* बंद हुकूम की कट हुकूम? बंद हुकमात एकीनं पत्ता झाकून ठेवायचा आणि कुणी मागितल्यावर उघडायचा. कट हुकमात ज्या रंगानं पहिला कट बसेल तोच हुकूम. मोकळ्या टेबलावर दोन्ही जमतात, झाकलेला पत्ता बाजूला ओढून ठेवायचा एवढंच. उघडायला सांगितल्यावर मात्र तो त्याच बाईनं उघडायचा. दुसरीनं बोट लावलं की "आधी बघितलास" म्हणून वाद ठरलेला.

*जिंकणं.* तीन मेंढ्या ज्यांच्या, डाव त्यांचा. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांचा. चारही दश्श्या एकीकडं आल्या तर कोट. तेराच्या तेरा हात ओढले तर बावन्न पत्त्यांचा कोट. आमच्याकडं तो दोनदाच झालाय आणि दोन्ही वेळा कुणी केला यावर अजून एकमत नाही.

*खाणाखुणा.* सोप्यात नाकाला हात लावला की एक्का, पदर सारखा केला की हुकूम नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि पकडलं जायचं. फोनवर भिडूला गुपचूप वेगळा मेसेज करता येतो, तो पकडता येत नाही. आमच्याकडं एकदा असा मेसेज चुकून ग्रुपवरच आला: "माझ्याकडे बदाम नाही." पुढचे चार दिवस बैठक बंद होती. तेव्हापासून नियम आहे की खेळताना व्हॉट्सॲपवर लिहायचं नाही, खोकायचं मात्र कितीही.

*फोटो.* दुपारची वेळ, कुणी गाऊनमध्ये असतं, कुणाचे केस मोकळे. पडद्याचा फोटो काढून घरच्या मोठ्या ग्रुपवर टाकायचा नाही. हौशी नातवंडांना हे आधी सांगून ठेवा.

कागदाचा फोटो आणि टेबलाची लिंक ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा, नाहीतर मेसेज पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, मग परत करावी लागते. नवी लिंक काढलीत तर जुनी पुसा. एकदा दोघी जुन्या टेबलाशी आणि दोघी नव्या टेबलाशी बसून पाऊण तास एकमेकींची वाट बघत होत्या.

५. वेळ धरून ठेवा

हे वाटतं तेवढं सोपं नाही. समोरासमोर दारात चप्पल दिसली की बैठक सुरू. फोनवर "पाच मिनिटांत येते" म्हणणारीचे पाऊण तास होतात. आमची वेळ अडीचचीच ठेवली. अंगवळणी पडलेली आहे, म्हणून तीच. दोन पंचवीसला मी ग्रुपवर एक बदाम टाकते. चार वाजता चहा. तो आपापल्या घरी, पण एकदम. कपाचा आवाज ऐकू आलाच पाहिजे असा आईचा आग्रह असतो.

पुण्याच्या काकू वर्षातले काही महिने लेकीकडं न्यू जर्सीला जातात. आपल्याकडचे दुपारचे अडीच म्हणजे तिथं उन्हाळ्यात पहाटेचे पाच. तेव्हा बैठक संध्याकाळी साडेसातला नेतो, तिथं सकाळचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं जातात, मग आपले साडेसात म्हणजे त्यांचे नऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पहिल्यासारखं होतं. या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. तुमचं माणूस इंग्लंडात असेल तर तिथले बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. दुबईवाल्यांची कटकट नाही, ते बाराही महिने आपल्या दीड तास मागं.

साडेसातला दिवेलागण होऊन गेलेली असते, पण मालिका सुरू होतात. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. आई एका कानात इअरफोन घालून दुसऱ्या कानानं टीव्ही ऐकते आणि तरीही जिंकते.

६. पैसा आला की उठा

कॅटबरोबर आमच्याकडं चिंचोके असायचे. डावाला एक, कोटाला पाच. आजही आई बरणीतून चिंचोके काढून डबीत टाकते, सांगलीच्या काकू गजगे वापरतात. "गंमत म्हणून रुपया-रुपया गूगल पेवर करूया का?" असा प्रस्ताव एकदा आला होता. मी हाणून पाडला. चिंचोक्यांचं भांडण चहापर्यंत टिकतं, रुपयांचं लेकासुनांपर्यंत जातं. भिशीचे पैसे वेगळे, ती फिरून आपल्याकडं येते.

पण खरा धोका बाहेरचा आहे. २०२५ पर्यंत मेंढीकोट शोधायला गेलं की शेजारी पैशाच्या रमीची ॲप दिसायची, जाहिरातीत कुणीतरी नोटा मोजत असायचं. आमच्या नात्यातला एक मुलगा यात सापडला. आधी ॲपनं पन्नास रुपये 'बोनस' दिला, तो जिंकला, मग स्वतःचे दोनशे घातले, आणि घरी कळेपर्यंत अडतीस हजार गेलेले. बहिणीच्या फीचे पैसे होते.

त्या काळात सगळे एकच सांगायचे, "रमी कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय." १९६८ च्या एका निकालात कोर्टानं रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं होतं, हे खरं. पण आता त्या वाक्याचा आधार घेऊन पैशाचा ऑनलाइन खेळ चालवता येत नाही. २०२५ साली संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हे बघितलंच जात नाही, पैसे लावून जास्त पैसे मिळवायचे असतील तर असा ऑनलाइन खेळ चालवायला बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. चिंचोक्यांवर खेळणाऱ्यांना तर काही काळजीच नाही.

तरीही मेसेजमधून लिंका येतच राहतात. ओळखायची खूण सोपी, आणि सामानाच्या यादीत कागदपत्रं नाहीत असं मी का लिहिलं तेही इथं कळेल. पत्ते खेळायला कुणी पॅन, आधार, बँक खातं किंवा ओटीपी मागितला तर तिथून बाहेर पडा. चौघी शेजारणींना पत्ते खेळायला ओळखपत्र कशाला हवं?

आणखी चार सापळे, भराभर:

- ॲप घालताना ते संपर्क, एसएमएस यांची परवानगी मागतं. पत्त्यांच्या खेळाला तुमचे मेसेज वाचायचं कारण नाही. नाकारा. नाकारल्यावर चालत नसेल तर काढून टाका.
- 'अमुक नाण्यांचा गठ्ठा विकत घ्या' असा चौकोन मधेच येतो आणि बोट चुकून तिथं पडतं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा.
- व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं तिथं 'माझे संपर्क' निवडा. नाहीतर एखाद्या दिवशी तुमची आत्या शेअर बाजाराच्या ग्रुपात सापडते.
- लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल येते. आता अर्ध्या पत्रिका व्हॉट्सॲपवरच येतात, त्यामुळं संशयही येत नाही. खरी पत्रिका म्हणजे फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे, घातलं की फोनमधले मेसेज दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. उघडू नका. ज्याच्याकडून आली त्याला फोन करून विचारा. बऱ्याचदा त्याचाच फोन आधी हातचा गेलेला असतो.

पैसे गेलेच तर लाजून बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. बँकेलाही त्याच तासात कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आमच्या मुलानं आठ दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं.

७. एखादी कमी पडली तर

होतंच हे. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाच्या भागात लाइट गेलेली. गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या काकू दोन महिने दवाखान्यात होत्या. तिघींनी मेंढीकोट होत नाही आणि चौथ्या जागी मी बसते म्हटलं तर आई म्हणाली, "तुला येतंय व्हय?"

अशा वेळी बैठक बंद ठेवू नका. एकदा बंद पडली की परत बसवायला महिना जातो, मी अनुभवानं सांगते. पाच-तीन-दोन खेळा, तो तिघांचाच आहे. त्याला तीस पत्ते लागतात. कॅटमधून दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे चारही रंगांचे वीस पत्ते काढा, शिवाय किलवर आणि चौकटची सत्ती काढा. इस्पिक आणि बदामाची सत्ती राहू द्या. प्रत्येकीला दहा येतात. आधी पाच वाटायचे, ते बघून हुकूम बोलायचा, मग उरलेले पाच. हुकूम बोलणारीनं पाच हात करायचे, वाटणारीनं दोन, तिसरीनं तीन. जिचे हात कमी पडले तिच्याकडून पुढच्या डावात पत्ते ओढायचे. ओढताना मोकळ्या टेबलावर एक अडचण येते. दुसरीच्या हातातले पत्ते आपल्याला दिसत नाहीत आणि उचलताही येत नाहीत. म्हणून देणारीनं आपले पत्ते उलटे करून मधल्या जागेत पसरायचे, ओढणारीनं त्यातला एक घ्यायचा, बाकीचे तिनं परत आपल्या हातात न्यायचे.

सांगलीच्या काकूंना त्या दोन महिन्यांत खेळायला जमत नव्हतं, पण लेकीनं त्यांचा फोन उशाशी ठेवून कॉल चालू ठेवला होता. त्या नुसत्या ऐकायच्या. मधेच क्षीण आवाजात "बदाम उतर गं" म्हणायच्या, हात कुणाचा हेही न बघता.

काढलेले बावीस पत्ते टेबलाच्या एका कोपऱ्यात नीट चळत करून ठेवा. पुसून टाकू नका, चौथी आली की लागतात.